लंडनमध्ये आफ्टरनून टी कुठे घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून लंडनला येणाऱ्या मंडळींचे निरोप सुरू होतात. टॉवर ब्रिज, लंडन आय, लॉर्ड्स हे सगळं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. अडतं ते चहापाशी. कुठे जायचं, किती पैसे लागतात, शाकाहारी मिळतं का, टाय घालावा लागतो का, हे प्रश्न दरवर्षी तेच असतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. दर आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा बुकिंग करण्याआधी त्या त्या ठिकाणच्या वेबसाइटवर एकदा नजर टाकाच.

आफ्टरनून टीमध्ये नेमकं काय काय येतं?

तीन मजली स्टँड येतो, फोटोत पाहिलेला असतो तोच. खालच्या थाळीत कडा कापलेली बोटभर लांबीची सँडविचेस, मधे स्कोन, म्हणजे छोटे गोल, जाडसर, पाव आणि केकच्या मधले, वर छोट्या पेस्ट्री. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत स्कोन नंतर गरम गरम वेगळे आणून देतात, तेच बरं असतं. सोबत क्लॉटेड क्रीम (सायीसारखं घट्ट क्रीम), जॅम आणि तुम्ही निवडाल त्या चहाची किटली. खायचं खालून वर: आधी सँडविच, मग स्कोन, शेवटी गोड. कुणी चुकून वरून सुरुवात केली तरी वाढपी काही म्हणत नाहीत, पण आधी गोड खाल्लं की सँडविचची चव लागत नाही.

नुसता चहा आणि दोन स्कोन हवे असतील तर 'क्रीम टी' मागायचा. तो बराच स्वस्त पडतो. आपल्याकडे पंचतारांकित हॉटेलांत 'हाय टी' म्हणून बुफे मांडतात, त्या नावाने इथे शोधू नका. इंग्लंडमध्ये हाय टी म्हणजे कष्टकरी घरांतलं संध्याकाळचं गरम जेवण. हॉटेलच्या वेबसाइटवर 'आफ्टरनून टी' हेच नाव असतं.

ही पद्धत आली कुठून?

साधारण १८४० च्या सुमाराची गोष्ट सांगतात. बेडफर्डच्या सातव्या ड्यूकची पत्नी अ‍ॅना ही राणी व्हिक्टोरियाच्या दरबारातली बाई. दुपारचं खाणं हलकं आणि रात्रीचं जेवण उशिरा, त्यामुळे चार-पाचच्या सुमाराला तिला गळून गेल्यासारखं वाटायचं. मग ती खोलीतच चहा, पाव-लोणी आणि केक मागवू लागली, मैत्रिणींना बोलावू लागली, आणि हळूहळू उच्चभ्रू घरांत तो रिवाज होऊन बसला.

पण इंग्लंडच्या दरबाराला चहाची गोडी त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी लागली होती, आणि त्या गोष्टीत आपली मुंबई आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रॅगांझा हिचं लग्न १६६२ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झालं. तिला चहाची सवय होती. राणीच पिते म्हटल्यावर दरबारातल्या बायकाही पिऊ लागल्या. त्याच लग्नाच्या करारात पोर्तुगिजांनी मुंबईची बेटं इंग्रजांना हुंड्यात दिली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. इंग्लंडचा चहा आणि इंग्रजांची मुंबई, दोन्ही एकाच लग्नातून आलेली. लंडनला आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला मी हे आवर्जून सांगतो, कारण गाइड लोक यातली चहाची अर्धी गोष्टच सांगतात.

त्या काळी चहा यायचा चीनहून. आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला १८३९ मध्ये. म्हणजे डचेसबाईंच्या दुपारच्या चहाची सुरुवात आणि आसामी चहाचं आगमन साधारण एकाच वेळचं.

आयुष्यात एकदाच घ्यायचा आहे. कुठे जाऊ?

बरोबर कोण आहे ते आधी ठरवा, जागा नंतर. इतक्या लोकांना जागा सुचवल्यावर माझं ठाम मत असं झालं आहे की आपण पैसे देतो ते दोन तास निवांत बसण्याचे. सँडविच-पेस्ट्री सगळीकडे थोड्याफार फरकाने चांगलीच असते. दालन कसं आहे, गोंगाट किती आहे, वाढणारी माणसं घाई करतात का, यावर सगळं अवलंबून असतं.

नटूनथटून जायचं असेल, लग्नाचा पंचविसावा-पन्नासावा वाढदिवस असेल, तर रिट्झ. पिकॅडिलीवरचं हे हॉटेल १९०६ मध्ये सेझार रिट्झने काढलं. तिथल्या पाम कोर्टात सोनेरी नक्षी, आरसे, झुंबरं, संगमरवर आणि पियानो असा सगळा थाट आहे. दोन पायऱ्या चढून त्या दालनात पाऊल टाकलं की माणूस आपोआप ताठ चालू लागतो. दिवसातून पाच बैठका असतात: साडेअकरा, दीड, साडेतीन, साडेपाच आणि साडेसात. एका बैठकीची माणसं उठली की दुसरीची येतात, त्यामुळे वेळ संपल्यावर रेंगाळता येत नाही. साडेसातची बैठक लोक टाळतात. मला तीच आवडते, कारण मागून कुणी येणार नसतं आणि पियानो नीट ऐकू येतो. मात्र त्या दिवशी रात्रीचं जेवण वेगळं ठेवू नका.

शांतता हवी असेल तर ब्राउन्स. अल्बमार्ल स्ट्रीटवरचं हे हॉटेल १८३७ पासूनचं, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर आली त्या वर्षीचं. लाकडाने मढवलेल्या भिंती, शेकोटी, खोल कोच. दालन मोठं नाही, म्हणून आवाजही मोठा नाही. आई-वडिलांना घेऊन येणाऱ्यांना मी पहिलं नाव हेच सांगतो. ग्रॅहम बेलने इंग्लंडमधला पहिला टेलिफोन याच हॉटेलातून केला होता, हे वडिलांना सांगितलं की त्यांचा अर्धा तास मजेत जातो.

क्लॅरिजेस मेफेअरमध्ये. तिथली हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कपबशी लांबूनही ओळखू येते. दालन आर्ट डेको घाटाचं, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या पिढीतलं. सेवा अतिशय मायेची. दरही तसाच.

सॅव्हॉय १८८९ चं. त्याच्या थेम्स फॉयर या दालनावर काचेचा घुमट आहे, त्यामुळे पावसाळी दिवसातही उजेड छान असतो. फोटोची हौस असणाऱ्यांनी इथे जावं. हॉटेलच्या दारापर्यंत येणाऱ्या छोट्या रस्त्यावर गाड्या उजव्या बाजूने चालतात, सगळ्या इंग्लंडपेक्षा उलट. मुलांना तेवढं नक्की दाखवा.

लँगहॅम १८६५ चं, बीबीसीच्या समोर. आफ्टरनून टी हॉटेलात वाढण्याची प्रथा आमच्या पाम कोर्टात सुरू झाली असं ते म्हणतात. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या खरेदीनंतर पाय दुखत असतील तर सोयीचं.

स्केच या कॉन्ड्युइट स्ट्रीटवरच्या जागेचे गुलाबी फोटो अजून फिरत असतात. पण २०२२ पासून तिथलं 'गॅलरी' नावाचं चहाचं दालन पिवळ्या-सोनेरी रंगात आहे, यिंका शोनिबारे या कलावंताच्या कामासह. तरुण मंडळींना आवडते. आजी-आजोबांना घेऊन जाऊ नये असं माझं मत.

फोर्टनम अँड मेसनचं काय? ते तर दुकान आहे ना?

दुकानच आहे, १७०७ पासूनचं, आणि चहाच्या बाबतीत लंडनमध्ये माझं सगळ्यात आवडतं ठिकाणही तेच. चौथ्या मजल्यावर डायमंड ज्युबिली टी सलून आहे. २०१२ मध्ये राणी एलिझाबेथ स्वतः त्याच्या उद्घाटनाला आली होती. दालन उजळ आणि मोकळं, टेबलं एकमेकांना चिकटलेली नाहीत. चहाची यादी इतकी मोठी आहे की वाचायलाच दहा मिनिटं लागतात, आणि वाढणाऱ्यांना प्रत्येक चहाची खरोखर माहिती असते. गोड न आवडणाऱ्यांसाठी तिखटमिठाचा वेगळा स्टँडही मिळतो. तिथे स्कोनसुद्धा चवीला खारे असतात. मधुमेह असलेल्यांना त्याचा फार उपयोग होतो.

जायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दर्शनी भागावरचं घड्याळ बघा. दर तासाला मिस्टर फोर्टनम आणि मिस्टर मेसन यांचे पुतळे बाहेर येतात आणि एकमेकांना वाकून नमस्कार करतात. तळमजल्यावर सुटा चहा वजनावर मिळतो, तो प्रश्न शेवटी आलाच आहे.

खर्च किती येतो?

वर सांगितलेल्या मोठ्या ठिकाणी दरडोई साधारण ७५ ते १०० पौंड धरून चाला. शॅम्पेनसह घेतला तर आणखी. ८० पौंड म्हणजे आपले नऊ हजार रुपये पुढे-मागे. शिवाय बिलात बहुतेक ठिकाणी साडेबारा टक्के किंवा त्याहून थोडा जास्त सेवाआकार लावलेला असतो. तो लावला असेल तर वेगळी टीप ठेवायची गरज नाही.

चौघांच्या कुटुंबाला हे झेपत नसेल तर त्यात कमीपणा मानू नका. पुढचा प्रश्न वाचा.

एवढे पैसे न घालवता चांगला चहा कुठे मिळेल?

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, साउथ केन्सिंग्टन. प्रवेश फुकट. संग्रहालयात उपाहारगृह ठेवण्याची सुरुवात जगात इथूनच झाली असं मानतात. एकोणिसाव्या शतकातली तीन दालनं अजून वापरात आहेत. गँबल रूममध्ये फरशांनी मढवलेले खांब आणि रंगीत काचा आहेत, पॉइंटर रूममध्ये निळ्या टाइल्स, आणि मॉरिस रूम सगळी हिरवी. किटलीभर चहा, एक मोठा स्कोन, जॅम-क्रीम घेऊन गँबल रूममध्ये बसा. पंधरा-वीस पौंडांत दोघांचं भागतं. दालनाच्या श्रीमंतीत ते कुठल्याही हॉटेलला हार जात नाही. शनिवार-रविवारी दुपारी रांग लागते, तेव्हा मधल्या वारी सकाळी अकराला किंवा चारनंतर जावं. आलाच आहात तर टिपू सुलतानाचा लाकडी वाघही इथेच आहे.

सेंट मार्टिन इन द फील्ड्सचं तळघर, ट्राफल्गार स्क्वेअर. वर अठराव्या शतकातलं चर्च, खाली विटांच्या कमानींखाली कॅफे. जमिनीत जुन्या थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. तुमच्या खुर्चीखालीच कुणाचं तरी नाव आणि साल कोरलेलं असतं, पावलांनी झिजून अर्धं पुसलेलं. काहींना हे चालत नाही, म्हणून आधीच सांगतो. मला ती जागा फार आवडते. लांबच्या प्रवासाने शिणलेल्या माणसाला तिथे गारवा आणि शांतता मिळते, आणि नफा चर्चच्या कामाला जातो. रस्त्यावरून खाली जायला लिफ्ट आहे.

वॉलेस कलेक्शन, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे. हेही संग्रहालय फुकट, आणि काचेच्या छताखालच्या अंगणात चहा मिळतो. दर मधले.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय: मार्क्स अँड स्पेन्सर किंवा वेट्रोझ या सुपरमार्केटमधून स्कोनचं पाकीट, कॉर्नवॉलच्या रॉडाज कंपनीची क्लॉटेड क्रीमची डबी आणि टिपट्रीची स्ट्रॉबेरी जॅमची छोटी बाटली घ्या, थर्मासमध्ये चहा भरा आणि सेंट जेम्सेस पार्कात तळ्याकाठी बसा. जून महिन्यातल्या कोरड्या संध्याकाळी यापेक्षा चांगलं ठिकाण मला माहीत नाही. चौघांचा खर्च पंधरा पौंडांच्या आत.

आम्ही शाकाहारी आहोत. अंडंही खात नाही. काही मिळेल का?

मिळेल, पण बुकिंग करतानाच सांगावं लागतं. ऐनवेळी सांगितलं तर काकडीची सँडविचेस तेवढी पुढे येतात.

इथे 'व्हेजिटेरियन' म्हटलं की त्यात अंडं धरलेलं असतं. एग मेयॉनीजचं सँडविच शाकाहारी स्टँडवर हमखास असतं. स्कोनवर चकाकीसाठी अंडं लावतात, केकमध्ये तर असतंच. मूस, जेली, मार्शमॅलो यांत जिलेटिन असू शकतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. शाकाहारी मेनू मागितला तर जिलेटिन टाळलेलं असतं, तरी विचारून घ्या.

अंडं अजिबात चालत नसेल तर सरळ 'व्हीगन' मेनू मागवा. आता सगळ्या मोठ्या ठिकाणी तो असतो आणि चांगला असतो. मात्र त्यात दूधदुभतंही नसतं. म्हणून बुकिंगच्या वेळी लिहून कळवा: अंडं नको, दूध-लोणी-क्रीम चालेल. मग स्कोन व्हीगन देतात आणि सोबत खरं क्लॉटेड क्रीम ठेवतात. कांदा-लसूणही चालत नसेल तर तेही लिहा. आडून सुचवण्यात काही अर्थ नाही. मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात अ‍ॅलर्जीपासून धार्मिक बंधनांपर्यंत रोज असे पन्नास निरोप येतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही.

त्या दिवशी संकष्टी किंवा एकादशी आली तर?

दिवस बदला. उपासाला चालेल असं त्या स्टँडवर काही नसतं, आणि पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. बुकिंग दोन-तीन महिने आधी होतं, तेव्हा तारीख ठरवतानाच कालनिर्णय जवळ ठेवा.

कपडे कसे घालावेत?

साडी. अगदी निःशंकपणे. पैठणी, इरकल, साधी सुती, काहीही शोभतं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बायका कौतुकाने विचारतात. सलवार-कमीज, कुर्ता, लांब ड्रेस सगळं चालतं.

पुरुषांसाठी रिट्झचा नियम कडक आहे: जाकीट आणि टाय हवा, जीन्स आणि खेळाचे बूट चालत नाहीत. बंदगळा किंवा शेरवानी घालायची असेल तर आधी ईमेल करून होकार घ्या. बाकी हॉटेलांत नीटनेटका शर्ट, पँट आणि चामडी बूट पुरतात. संग्रहालयांत आणि तळघरात कसलाच नियम नाही.

थंडीत येणार असाल तर जड कोट दारातच ठेवून घेतात, त्याची काळजी नको.

बुकिंग किती आधी करावं?

रिट्झच्या शनिवार-रविवारच्या दुपारच्या बैठका दोन-तीन महिने आधी भरतात. व्हिसा हातात आल्याआल्या करून टाका. मधल्या वारी सकाळची किंवा रात्रीची बैठक उशिराही मिळते. ब्राउन्स, लँगहॅम, फोर्टनम इथे तीन-चार आठवडे पुरतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळापर्यंत सगळीकडे गर्दी आणि दरही चढे, तेव्हा अजून लवकर.

कार्डाचा नंबर घेतात आणि ऐनवेळी रद्द केलं तर पैसे कापतात. किती तास आधी कळवायचं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना, हे बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधी बघून घ्या. निम्म्या लोकांचं बुकिंग तिथेच अडकतं.

आणि उतरलेल्या दिवशी चहा ठरवू नका. आपल्या शरीराला दुपारचे साडेतीन म्हणजे रात्रीचे आठ-नऊ वाटत असतात. डोळे मिटतात आणि ऐंशी पौंडांच्या स्टँडकडे बघवत नाही. तिसरा-चौथा दिवस उत्तम.

चहा कुठला मागवावा? आपल्यासारखा उकळलेला मिळतो का?

मोठ्या हॉटेलांत उकळलेला मिळेलच असं नाही. तिथे किटलीत पानं आणि कडक गरम पाणी, दूध वेगळं. आपल्या जिभेला जवळचा हवा असेल तर आसाम मागवा, पाच मिनिटं पूर्ण मुरू द्या आणि दूध गरम करून मागा. थंड दूध घातलं की चहा कोमट होतो, ही आपल्याकडच्या ज्येष्ठांची कायमची तक्रार आहे, आणि 'हॉट मिल्क, प्लीज' एवढं म्हटलं की ती मिटते.

थोडं धाडस करायचं असेल तर दार्जिलिंगचा पहिल्या खुडणीचा चहा बिनदुधाचा घ्या. आपल्याच देशातला इतका नाजूक चहा आपण घरी क्वचित पितो. अर्ल ग्रेला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाचा वास असतो, काहींना तो अत्तरासारखा वाटतो. लॅपसांग सूशाँग हा धुरावर वाळवलेला चिनी चहा. पहिल्या घोटाला दचकायला होतं, पण चीजच्या सँडविचबरोबर तो अप्रतिम लागतो. प्रत्येकाने वेगळी किटली मागवा आणि एकमेकांचा चाखा. नंतर दुसरा प्रकार मागवता येतो, वेगळे पैसे बहुधा पडत नाहीत.

स्कोन कसा खायचा? आधी क्रीम की आधी जॅम?

स्कोन सुरीने कापू नका. चांगल्या स्कोनच्या मध्यावर एक भेग असते. तिथे दोन्ही अंगठे लावून हलकं फिरवलं की तो दोन भागांत उघडतो आणि आतून वाफ येते. वाफ आली नाही तर तो आधीचा केलेला आहे, गरम करून मागा. मग प्रत्येक अर्ध्यावर लागेल तेवढंच जॅम आणि क्रीम लावायचं, दोन्ही अर्धे पुन्हा मिटवून बर्गरसारखे खायचे नाहीत.

क्लॉटेड क्रीम म्हणजे जवळजवळ आपली साय. घट्ट दूध मंद आचेवर तासन् तास तापवून, संथ निववून वर जमलेली, पिवळसर कवच धरलेली साय. स्निग्धांश निम्म्याहून जास्त. ती पातळ पसरायची नसते, चमच्याने गोळा ठेवायचा.

क्रमावरून डेव्हन आणि कॉर्नवॉल या दोन परगण्यांत जुनं भांडण आहे. डेव्हनचे आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलचे आधी जॅम आणि वर क्रीम. मी कॉर्नवॉलच्या बाजूचा. गरम स्कोनवर आधी क्रीम घातलं तर ते विरघळून ओघळतं, जॅमवर ठेवलं तर थंड राहतं.

उरलं तर बांधून देतात का? आणखी मागता येतं का?

दोन्ही होतं. सँडविच संपली की बहुतेक मोठ्या ठिकाणी आपणहून विचारतात, आणि त्याचे पैसे लावत नाहीत. संकोच करू नका. पेस्ट्री उरल्या तर छोट्या सुबक खोक्यात भरून देतात. क्रीम मात्र देत नाहीत.

लहान मुलांना घेऊन जावं का?

सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं छान रमतात. बहुतेक ठिकाणी मुलांचा वेगळा मेनू आणि कमी दर असतो, चहाऐवजी हॉट चॉकलेट मिळतं. त्याहून लहान असतील तर दीड-दोन तास एका जागी बसवणं त्यांच्यावरही अन्याय. त्यांच्यासाठी जुन्या लाल दुमजली बसमधला चहा घ्या. वरच्या मजल्यावर टेबलं मांडलेली असतात, कप झाकणाचे असतात आणि बस वेस्टमिन्स्टर, ट्राफल्गार स्क्वेअर असा फेरफटका मारते. खाणं हॉटेलच्या तोडीचं नसतं, पण मुलं खिडकीला नाक लावून बसतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र टाळावं.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. कुठे सोयीचं?

फोर्टनमला लिफ्ट थेट चौथ्या मजल्यावर जाते आणि खुर्च्या ताठ पाठीच्या आहेत. ब्राउन्सचे कोच खोल, बसायला सुखाचे, पण उठताना हात द्यावा लागतो. बुकिंगमध्ये 'ताठ खुर्ची आणि दाराजवळचं टेबल' असं लिहिलं तर सगळीकडे सोय करतात. ग्रीन पार्क हे ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं, स्टेशन लिफ्टचं आहे, आणि तिथून रिट्झ, फोर्टनम, ब्राउन्स तिन्ही सपाट रस्त्याने जवळ आहेत. स्वच्छतागृह कुठे आहे ते बसण्याआधी विचारून ठेवा. जुन्या इमारतींत ते बहुधा खालच्या मजल्यावर असतं.

चार दिवसांनी आपल्या चहाची आठवण येते. तेव्हा?

कॉव्हेंट गार्डनचं डिशूम. २०१० मध्ये सुरू झालेलं हे उपाहारगृह मुंबईच्या इराणी हॉटेलांना मानवंदना म्हणून उभं केलं आहे. मसाला चहा आणि बन मस्का दोन्ही मिळतं. आता लंडनभर त्याच्या शाखा आहेत. जेवणाच्या वेळेला लांब रांग, दुपारी तीन-चारला सहज जागा.

वडापाव हवा असेल तर हाउन्स्लोचं श्री कृष्ण वडापाव. मुंबईत एकत्र शिकलेल्या दोन मराठी मित्रांनी, सुजय सोहनी आणि सुबोध जोशी यांनी, २०१० मध्ये ते सुरू केलं. हीथ्रो विमानतळ तिथून जवळ, त्यामुळे परतीच्या दिवशी वाट वाकडी करून जाणारे बरेच आहेत.

बकिंगहॅम पॅलेसजवळचं सेंट जेम्स कोर्ट हे ताज समूहाचं हॉटेल. तिथे आफ्टरनून टी मिळतो, आणि आपल्या खाण्याच्या सवयी समजावून सांगाव्या लागत नाहीत. पहिल्यांदाच परदेशी आलेल्या सासू-सासऱ्यांना बरोबर न्यायचं असेल तर ही जागा विचारात घ्या.

गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत इथे असाल तर महाराष्ट्र मंडळ लंडनच्या कार्यक्रमाची चौकशी करा. हे मंडळ १९३२ पासूनचं, स्वतःच्या वास्तूत चालतं. कार्यक्रमानंतरचा चहा आणि गप्पा यांना वेळेचं बंधन नसतं.

घरी न्यायला कुठला चहा घ्यावा?

दोन दुकानं. फोर्टनमच्या तळमजल्यावर फिकट हिरव्या-निळ्या डब्यांतला चहा मिळतो. डबा सुंदर असतो, भेट म्हणून द्यायला उत्तम. स्वतःसाठी घेत असाल तर डब्याचे पैसे वाचवून सुटा चहा तोलून घ्या.

दुसरं दुकान ट्वायनिंग्जचं, २१६, स्ट्रँड. थॉमस ट्वायनिंगने १७०६ मध्ये इथे धंदा थाटला आणि दुकान आजही त्याच जागी आहे, उच्च न्यायालयाच्या इमारतीसमोर. दारावर सोनेरी सिंह आणि दोन चिनी माणसांच्या मूर्ती आहेत. आत बोळासारखी अरुंद जागा, दोन्ही बाजूंना छतापर्यंत चहा. मागच्या टोकाला चव घेऊन बघायची सोय असते. आवडलेली नावं मोबाइलमध्ये टिपून घ्या, कारण वीस चव घेतल्यावर कुठला कुठला ते लक्षात राहत नाही.

जॅमच्या बाटल्या केबिन बॅगेत न्यायच्या असतील तर विमानतळाचा नियम आधी बघून घ्या. क्लॉटेड क्रीम नेण्याच्या भानगडीत पडू नका, नऊ तासांच्या विमानात ते टिकत नाही. सुका चहा कितीही डब्यांत कपड्यांच्या मधे बसतो. फक्त मसाल्यांपासून आणि साबणापासून लांब ठेवा, वास लगेच धरतो.